वटवट्यांची पाठवणी

"मालनताई, या वर्षी पाठवणीच्या दिवशी तुमचा सत्कार करायचं ठरवलंय आम्ही," दिनकरराव म्हणाले आणि घाईघाईनं चहाचा कप तोंडाला लावला.

"का? मी मेले काय?"

"अहो, काहीतरीच काय! सत्कार जिवंत माणसाचा करतात."

"करतात की. त्यानं परत काही करू नये म्हणून करतात. टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये जन्म गेलाय माझा, दिनकरराव. आमच्याकडं आज खांद्यावर शाल पडली की उद्या आपला हेडफोन दुसरीच्या डोक्यावर असायचा."

कॉटवर मेथी निवडत बसलेल्या माझ्या नणंदेनं, वन्संनी, मान वर केली. "लोकरीची देणार असतील तर घे गं. माझ्या गुडघ्याला होईल."

दिनकररावांच्या शेजारी बसलेली संपदा फुस्सकन हसली आणि लगेच गप्प झाली. त्या गप्प होण्यावरूनच मला कळलं की हे सगळं आधी ठरवून, कोण काय बोलणार हे वाटून घेऊन ही दोघं माझ्याकडं आलीत.

दिनकरराव सरनाईक म्हणजे पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर आणि आमच्या पक्षीमित्र मंडळाचे तेव्हाचे अध्यक्ष. संपदा चौगुले बँकेत नोकरीला, मंडळाची सेक्रेटरी. मंडळ म्हणजे फार काही नाही. आमच्या कोल्हापुरात, आमच्या कॉलनीच्या मागं, सरनोबत बाग म्हणून जुनी बाग आहे. पुढच्या अर्ध्या भागात घसरगुंड्या आणि व्यायामाची यंत्रं. मागच्या अर्ध्यात ओढा, बांबूची बेटं, दोन म्हाताऱ्या चिंचा आणि घाणेरीचं रान. त्या मागच्या भागात रविवारी सकाळी गळ्यात दुर्बिणी अडकवून माना वर करून फिरणारी जी माणसं दिसतात, तेच आमचं मंडळ. लोक आम्हाला वेडे म्हणतात. म्हणू देत.

आता पाठवणी कसली ते सांगते. हिवाळाभर वटवटे आमच्या बागेत मुक्कामाला असतात. बोटाएवढं पाखरू, मातकट नाहीतर फिकट हिरवं, सतत पानात दडलेलं. दिसायला सगळे एकाच आईचे. नुसतं बघून नाव सांगायला गेलं की भल्याभल्यांची फजिती होते, त्यांना ओळखायचं ते आवाजावरून. त्यातला वेळू वटवट्या तर सगळी थंडी नुसतं 'चक्, चक्' करत काढतो, आपण जीभ टाळूवर मारतो ना तसं. पण पाडवा आला, उन्हं तापायला लागली, की त्याला हिमालयापलीकडच्या घराची ओढ लागते. जायच्या आधी थोडेच दिवस तो गळा मोकळा करून गातो. मग एका सकाळी बघावं तर बेट रिकामं. म्हणून पाडव्यानंतरच्या रविवारी आम्ही फेरी काढायचो आणि तिला पाठवणी हे नाव मी ठेवलं होतं.

त्या फेरीचा आमचा एक रिवाज होता. सगळ्यात पुढं एकच माणूस चालणार. त्यानं हात वर केला की बाकीच्यांनी असतील तिथं थांबायचं आणि त्यानं नाव सांगेपर्यंत कुणी ब्र काढायचा नाही. मंडळ निघाल्यापासून तो हात माझा होता.

"आणि यंदा पुढं कोण चालणार?" मी विचारलं.

"मी चालतो म्हणतो," दिनकरराव म्हणाले. "ओढ्याकडं उतार आहे, मुळ्या वर आल्यात. तुमच्या डोळ्यांचं हे असं. तुम्ही गेटपाशी सावलीत बसा निवांत. येणाऱ्या-जाणाऱ्याला पोहे-चहा बघा."

"म्हणजे मी पोह्यांवर."

"ताई, तसं नाही हो," संपदा म्हणाली. "काळजी वाटते म्हणून."

"आणि यंदापासून एक नियम केलाय," दिनकरराव मोठ्यानं म्हणाले. हल्ली ते सगळंच मोठ्यानं बोलायचे, अध्यक्ष झाल्यापासून आवाज चढलाय असं वन्सं म्हणायच्या. "यादीत दिसलेलाच पक्षी धरायचा. नुसता ऐकलेला धरायचा नाही. काही शास्त्रीय पद्धत पाहिजे की नको?"

मला हसावं की रडावं कळेना. "वटवट्या आणि दिसलेला? मग घाणेरीची पानं मोजून या."

"काय म्हणालात?"

"काही नाही. चहा घ्या, निवतोय."

ती दोघं गेली आणि मी दार लावून तशीच उभी राहिले. दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं होतं, डोळ्याचा पडदा मधोमध सुकत चाललाय, कडा राहतील. झालंही तसंच. ज्याच्याकडं बघावं ते नेमकं पुसलेलं, आणि ज्याच्याकडं बघत नाही ते कडेनं दिसणार. पेपर गेला. सुई-दोरा गेला. मुलीनं नातवाचा फोटो दाखवला की मी अंदाजानं गोड म्हणायचे. एवढं एकच काम राहिलं होतं जे मला पहिल्यासारखं येत होतं, आणि तेच शालीत गुंडाळून न्यायला ही माणसं घरी आली होती.

"एवढं वाटतंय तर जाऊ नकोस," वन्सं म्हणाल्या.

"जाणार. जाणार म्हणजे जाणारच."

"मग रडतीयेस कशाला?"

"रडत नाही. डोळ्यात औषध घातलंय."

"औषध टेबलावर आहे अजून," वन्सं म्हणाल्या आणि परत मेथीला लागल्या.

रविवारी उजाडताच मी बागेत हजर. गेटपाशी गुलमोहराखाली खुर्ची मांडलेली. नुसती खुर्ची नाही, वर पांढरं कापड, समोर टीपॉय, त्यावर फुलदाणी. आमच्या मंडळाला दुर्बिणी पुसायला फडकं मिळत नाही आणि फुलदाणी कुठनं आली देव जाणे. मला खांद्याला धरून खुर्चीत बसवलं. या खेपेला माणसंही जास्त जमली होती. बरीच नवी, मोठमोठ्या लेन्सची. त्यातला रणजित पोवार हा एकटा मला ओळखीचा, टिंबर मार्केटात त्याची वखार, अंगानं दांडगा आणि मनानं साधा.

दिनकररावांनी भाषण केलं. भाषणभर मी 'होत्या' होते. ताई मार्गदर्शन करत होत्या, ताई आमची प्रेरणा होत्या, ताईंचे कान म्हणजे मंडळाची दौलत होती. लोक टाळ्या वाजवत होते. मग खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, संपदानं फोटो काढला.

"आता ताई इथं निवांत बसतील," दिनकरराव म्हणाले. "आपण निघू या. माझ्या मागं या सगळे."

मी उठले. शाल खांद्यावर तशीच, नारळ काखेत.

"ताई, तुम्ही बसा की."

"बसून बसून मणक्यात कळ आली. चला."

"पण पुढं उतार आहे..."

"तो उतार तुमच्या आधीपासून उतरतेय मी. आणि मला कडेचं दिसतं, दिनकरराव. मुळ्या कडेलाच असतात."

कुणीतरी हसलं. सत्कार केलेल्या बाईला चारचौघांत हात धरून परत खुर्चीत कसं बसवणार? ते गप्प राहिले आणि मी त्यांना मागं टाकून पुढं झाले. मनात म्हटलं, आता कोण हात खाली करतंय ते बघतेच.

घसरगुंड्या संपल्या, वाट ओढ्याकडं वळली. सकाळची थंड माती, चिंचेच्या पाल्याचा वास. मागं वीस-पंचवीस माणसांची पावलं. आणि उताराच्या तोंडाशी आले तोवर खालच्या बेटातनं गाणं आलं.

वेळू वटवट्या. पूर्ण गळ्यानं. एक लकेर घेतो, ती दोन-तीनदा घोळतो, मध्येच दुसऱ्याच पाखराची नक्कल करतो, 'चक्' म्हणतो आणि नव्यानं धरतो. सगळी थंडी मी याची वाट बघत काढली होती. रात्री झोप येईना की अंथरुणात पडून तेच मनात आठवत बसायचे. माझा हात आपसूक वर गेला.

मागची पावलं थांबली. सगळीच्या सगळी. तुम्हाला काय सांगू मला काय वाटलं!

"वेळू वटवट्या," मी म्हटलं. "गातोय. ऐका."

कुणी काही बोलेना. मला वाटलं, भारावलेत. मग कुणीतरी खाकरलं. गाणं चालूच होतं. आम्ही एवढी माणसं उताराच्या तोंडाशी येऊन उभी राहिलो तरी चालूच. तिथं माझ्या मनात पाल चुकचुकली, कारण माणसांची चाहूल लागली की हे पाखरू गप्प बसतं. तेवढ्यात गाणं मध्येच तुटलं आणि परत पहिल्यापासून सुरू झालं. तीच लकेर, तीच नक्कल, त्याच जागी तेच 'चक्'.

"काकू," रणजित हळूच म्हणाला, "त्यो स्पीकर हाय ओ. साहेबांनी पहाटेच बेटात ठेवलाय. पाखरू भायेर यावं म्हणून, फोटोला."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. मग आणखी एक.

धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. कानाच्या पाळ्या तापल्या. जन्मभर आवाज ओळखून पोट भरलं, 'हॅलो' म्हटलं की कोण ते सांगायचे, आणि आज एका डबीनं मला फसवलं होतं. हात अजून वरच होता. तो खाली घ्यायचंही सुचेना.

"ताई, म्हणूनच म्हणत होतो," दिनकरराव म्हणाले. आवाजात दया होती, आणि ती मला शिवीपेक्षा झोंबली. "संपदा, ताईंना खुर्चीपर्यंत सोडून ये."

संपदानं माझ्या कोपराला हात लावला. मी तो झटकला.

"चुकले," मी म्हटलं. "स्पीकरला पाखरू म्हणाले. मग?"

मी वरचा हात खाली घेतला आणि मागं वळले.

"मग काय? चुकले. तुम्ही चुकत नाही? ए रणजित, मागच्या दिवाळीत बाभळीत अडकलेल्या काळ्या पिशवीचं घुबड म्हणून फोटो कुणी काढले?"

"म्या काढले की," रणजित म्हणाला. "चांगले चाळीसभर."

"तुला कुणी शाल दिली?"

"न्हाई ब्वा."

"संपदा, चिमणीच्या मादीला तू दुर्मिळ म्हणून सगळ्या ग्रुपला कळवलंस, अर्धं कोल्हापूर पळत आलं. तुला नारळ मिळाला?"

"नाही ताई," संपदा पुटपुटली.

"तुम्ही धडधडीत डोळे असून दर रविवारी चुकता आणि पुढच्या रविवारी परत येता. मी एकदा चुकले तर मला खुर्ची? माझ्या चुकीला वेगळा कायदा आहे काय? मी बरोबर असते म्हणून पुढं चालत नव्हते. मला पुढं चालायचं असतं म्हणून चालते. आणि आता ते आधी बंद करा. पाखरू असलं तरी पळून जाईल त्या ठणाण्यानं!"

रणजित मुकाट्यानं बेटात शिरला. स्पीकर बंद झाला. इतका वेळ तो केवढ्या मोठ्यानं वाजत होता ते बंद झाल्यावर कळलं, कान किटून गेले होते. मग बाग जागेवर आली. ओढ्याचं पाणी. लांब एक भारद्वाज. एवढंच.

आणि वर चिंचेत बारीक आवाज झाला. 'च्-स्वी.'

पर्ण वटवट्या. टाचणी टोचावी एवढाच आवाज. पण माझा हात वर जाईना. खरं सांगते, भ्याले मी. परत कुणाच्या खिशातलं काही असेल तर? तेवढ्यात तो पुन्हा बोलला, या वेळी पलीकडच्या फांदीतनं. मोबाईल काही या फांदीवरून त्या फांदीवर उड्या मारत नाही.

माझ्या डोळ्यांचा मधला भाग गेला होता, कडा होत्या, हे मघाशी सांगितलंच. त्या कडेला मंडळाच्या पांढऱ्या टोप्या होत्या, सगळ्यांना दिलेल्या. 'च्-स्वी' झालं तशा त्या टोप्या एकामागोमाग मागं कलल्या. सगळे वर बघत होते. एकच टोपी सरळ राहिली. ती इकडं वळली, तिकडं वळली, बाकीच्यांचे चेहरे बघून मग उशिरानं वर झाली.

"चला पुढं," त्याच टोपीखालून दिनकरराव मोठ्यानं म्हणाले. "इथं काही नाही."

डोक्यावर तिसऱ्यांदा 'च्-स्वी' झालं, अगदी त्यांच्या टोपीच्या वर.

एक्स्चेंजमध्ये आम्ही एक गोष्ट शिकलो होतो. ज्याला पलीकडचं ऐकू येत नाही तो माणूस मोठ्यानं बोलतो, आणि 'बरं, बरं' करून फोन ठेवायची घाई करतो. कॉटवरून वन्सं म्हणाल्या होत्या की यांचा आवाज चढलाय. दिनकररावांनी स्पीकर कान किटेल इतका मोठा लावला होता. आणि यंदापासून नियम, ऐकलेलं धरायचं नाही! एवढी वर्षं हा माणूस माझ्या मागं दोन पावलांवर चालायचा आणि मी समजायचे, मान देतोय. तो माझ्या हाताकडं बघत चालायचा.

मी त्यांच्याजवळ गेले आणि हळू आवाजात विचारलं, "तुम्हाला ऐकू येत नाही ना?"

"काय?"

"कधीपासून?"

"काय म्हणताय ताई? जरा मोठ्यानं बोला की!"

आता आली का पंचाईत! गुपचूप सांगावं तर त्यांना ऐकू जाणार नाही, आणि त्यांना ऐकू जाईल असं सांगावं तर ते सगळ्या बागेला ऐकू जाणार. खांद्यावरची शाल ऊबदार लागत होती. एक वाक्य मोठ्यानं बोलले असते तर ती तिथल्या तिथं त्यांच्या खांद्यावर गेली असती. आणि मला बोलायचं होतं. ते वाक्य अगदी दातांच्या मागं येऊन थांबलं होतं.

मी ते गिळलं आणि त्यांचं मनगट धरलं. वर 'च्-स्वी' झालं तसं मी मनगट दाबलं आणि त्यांचा हात आवाज आला त्या फांदीकडं वळवला.

त्यांनी फांदीकडं मान वर केली. मग दुसऱ्या हातानं दुर्बीण डोळ्याला लावली. नजर त्यांची पहिल्यापासून चांगली, ते मान्यच करायला पाहिजे. "शेंड्याच्या खाली," ते म्हणाले. "डाव्या फांदीत. हिरवट पाठ... पंखावर एकच पट्टी... पर्ण वटवट्या." कॅमेरे खडखडले.

पाखरू उडून दुसऱ्या चिंचेत गेलं आणि तिथनं बोललं. मी पुन्हा मनगट दाबलं, पुन्हा हात वळवला. पण या खेपेला त्यांनी दुर्बीण उचलली नाही. ते माझ्या हाताकडं बघत राहिले. त्यांचं मनगट माझ्या मुठीत गार पडत चाललं होतं. मला कळलंय हे त्यांना कळलं होतं.

"ताई, तुम्ही..." ते म्हणाले. मग त्यांनी हात सोडवून घेतला, टोपी काढली आणि ओरडले. हो, ओरडलेच, कारण आपण केवढ्यानं बोलतोय याचा त्यांना अंदाजच नव्हता. "मला ऐकू येत नाही!"

ओढ्यापलीकडं म्हशी घेऊन निघालेला गवळीसुद्धा थांबला.

"बारीक आवाज येतच नाहीत मला! पाखरं तोंड उघडतात ती दिसतात, आवाज नाही! ताईंचा हात वर गेला की मी मान वर करायचो!"

रणजित हळूच म्हणाला, "साहेब, पाखरू उडालं की ओ."

आणि सगळे हसले. दिनकररावांना ते ऐकू गेलं नसणार, पण तोंडं दिसली, आणि मग तेही डोळे पुसत हसायला लागले.

"मग माझ्याच अंगावर शाल का टाकलीत?" मी मोठ्यानं विचारलं. आता मोठ्यानं विचारायला हरकत नव्हती.

त्यांनी हातातली टोपी उलटीसुलटी केली. "मंडळात कुजबुज सुरू झाली होती. ताईंना दिसत नाही, माणूस बदला. तुमच्यानंतर माझीच पाळी होती, मालनताई. म्हटलं, आपणच शाल द्यायला उभं राहावं. देणाऱ्याच्या कानाकडं कुणी बघत नाही."

मला त्यांची कीव आली. राग मात्र गेला नाही. तुम्हाला वाटत असेल, म्हातारी विरघळली असेल. अजिबात नाही. माझ्या जिवावर एवढी वर्षं मान वर करून, वर मलाच पोह्यांवर बसवायला निघालेला माणूस तो. पण त्याच्याशी भांडायला पुढं जन्म पडला होता आणि वटवट्यांना आजच निरोप द्यायचा होता.

"ऐका सगळे," मी म्हटलं. "आंधळ्या-बहिऱ्याची जोडी असं कुणी मागनं म्हणायच्या आत मीच पुढनं म्हणून टाकते. ऐकलेलं धरायचं. ते मी सांगणार. बघायचं काम हे करणार. मी चुकले तर चुकले म्हणेन, हे चुकले तर हेही म्हणतील. ज्याला हे पटत नाही त्यानं गेटपाशी जावं. खुर्ची रिकामी आहे आणि पोहे गरम आहेत."

पोह्यांचं नाव काढल्यावर रणजितची थोडी चुळबुळ झाली, पण गेलं कुणीच नाही.

ओढ्याकाठी एक काळा दगड आहे. त्यावर मी नारळ फोडला आणि सगळ्यांच्या हातावर तुकडा ठेवला. शाल दगडावर पसरली आणि त्यावर बसले. दिनकरराव शेजारी उभे होते.

"बसा," मी म्हटलं. त्यांना ऐकू गेलं नाही. मी शालीच्या मोकळ्या टोकावर थाप मारली, तेव्हा बसले.

त्या दिवशी वेळू वटवट्या गायला नाही. गातो तेव्हा गातो, तो काय आपला बांधील आहे? आम्ही खूप वेळ बसलो, खोबरं खाल्लं, आणि मग बेटातनं एकदाच, नुसतं 'चक्' आलं.

मी हात वर केला. मागची सगळी कुजबुज थांबली.

घरी गेल्यावर वन्संनी विचारलं, "शाल कुठाय?"

"दगडावर राहिली."

"लोकरीची होती?"

"कसली लोकरीची! टोचत होती मेली."

याला बरीच वर्षं झाली. दिनकररावांनी नंतर कानात यंत्र घातलं. ते मधूनच शिट्टी मारतं. एकदा फेरीत त्या शिट्टीला मी हात वर केला आणि अख्खं मंडळ श्वास रोखून थांबलं. 'चुकले' म्हटलं आणि पुढं झाले. दिनकरराव अजून ते सगळ्यांना सांगत सुटतात, अर्थातच मोठ्यानं. अध्यक्ष आता संपदा आहे.

यंदा माझ्या डोळ्यांच्या कडाही पुसत चालल्यात. मुळ्या दिसत नाहीत, उतार पायाला कळतो तेवढाच. मी कुणाला बोलले नव्हते. पण पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी संपदा घरी आली. चहा घेतला, वन्संच्या गुडघ्याची चौकशी केली. मी तो सूर ओळखते. घरी येऊन गुडघ्याची चौकशी करणारी माणसं काहीतरी काढून घ्यायला आलेली असतात.

"ताई, रविवारी पाठवणी आहे," ती शेवटी म्हणाली. "तुमच्यासाठी एक आणलंय."

पिशवीचा आवाज झाला. मी पदर खोचला आणि ताठ बसले.

"शाल असेल तर आल्या पावली परत ने. सांगून ठेवते, संपदा, अजून मला..."

"हात पुढं करा की आधी."

मी हात पुढं केला. हाताला लागली ती काठी. खालच्या टोकाला रबराचं बूच, वर मुठीला गुंडाळलेली दोरी, हाताबाहेर निसटू नये म्हणून.

"रणजितच्या वखारीत करून घेतली," ती म्हणाली. "ओढ्याच्या उताराला उपयोगी पडेल. पुढं चालणाऱ्याला काठी पाहिजेच."

माझ्या डोळ्यात औषध नव्हतं. मी उठले, काठी फरशीवर दोनदा आपटून बघितली.

"बरी आहे," मी म्हटलं. "रविवारी उजेडाच्या आधी ये. आणि हे बघ, हात धरायला जाऊ नकोस. मागं चालायचं."